साष्टी बेटावरील मठ आणि त्यांचे पोशिंदे

कोंकणच्या दक्षिण टोंकाला, तेरेखोलची नदी समुद्राला मिळते तिच्या थोडें उत्तरेस, रेडी नांवाचें गांव आहे. वेंगुर्लें तालुक्यांतील या गांवाला माडांच्या बागा आहेत, खाडी आहे, लोखंडाच्या खाणींनीं तांबडे करून सोडलेले डोंगर आहेत, आणि खाडीच्या मुखाशीं वडा-पिंपळांच्या मुळांनीं वेढून टाकलेला यशवंतगड आहे. गडाच्या तटावरून पश्चिमेकडे पाहिलें म्हणजे पाण्याखेरीज कांहीं दिसत नाहीं. येथें पूर्वी एक राजधानीचें ठाणें होतें, हें ऐकून नवख्या माणसाला नवल वाटेल. परंतु ऐहोळे येथील मेगुती मंदिराच्या भिंतीवर रविकीर्ति कवीची इ. स. ६३४ मधील जी प्रशस्ति आहे, तींत चालुक्य राजा मंगलेश यानें ‘रेवतीद्वीप’ जिंकल्याचा उल्लेख येतो. आणि हें रेवतीद्वीप म्हणजेच आजची रेडी, असें पुष्कळ संशोधक मानतात. शके ५३२, म्हणजे इ. स. ६१० च्या सुमाराचा एक ताम्रपट याच रेवतीद्वीपावरून निघालेला आहे. तेथें राहून कारभार पाहणाऱ्या सत्याश्रय ध्रुवराज इंद्रवर्मा या अधिकाऱ्यानें त्यांत एका ब्राह्मणाला गांव दान दिलेलें आहे.

आज रेडीला कोणी बेट म्हणणार नाहीं. एस्. टी.ची गाडी पाण्याचा थेंब न ओलांडतां वेंगुर्ल्याहून तेथें पोहोंचते. पण एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला खाडी व पाठीशीं दाट रान असा जो भूभाग, त्याला घांटावरून उतरलेला राजा द्वीप म्हणाला तर त्याची फारशी चूक झाली असें नाहीं. मराठींत तरी ‘बेट’ हा शब्द पाण्याला कोठें इतका चिकटून आहे? बांबूचेंही बेट असतेंच. भोंवतालच्या जगापासून वेगळें होऊन जें उभें राहिलें तें बेट, एवढाच त्याचा खरा अर्थ.

बेटावर डोळा ठेवणारे लोक मात्र दोन प्रकारचे असतात. राजाला बेट हवें असतें तें बंदरासाठीं, जकातीसाठीं, गलबतांना दरारा वाटावा म्हणून. दुसरा प्रकार विरक्तांचा. त्यांना बेट हवें असतें तें मध्यें पाणी असतें म्हणून. संसार सहजासहजीं मागें येऊं शकत नाहीं म्हणून.

या दुसऱ्या प्रकारचें जगांतील सर्वांत कडक उदाहरण पाहावयाचें तर दूर आयर्लंडकडे जावें लागतें. रेवतीद्वीपावर चालुक्यांचें निशाण चढलें, त्याच्या शतकभर मागें-पुढें, आयर्लंडच्या नैर्ऋत्येस केरी परगण्यासमोर कांहीं ख्रिस्ती साधु एका सुळक्यावर जाऊन राहिले. या सुळक्याचें नांव स्केलिग मायकेल. किनाऱ्यापासून तो सुमारें साडेसात मैल आंत आहे आणि समुद्रांतून सातशें फुटांहून अधिक उंच वर आलेला आहे. या साधूंनीं खडकांत सहाशेंच्या वर पायऱ्या रचल्या. माथ्याजवळच्या एका निमुळत्या कंगोऱ्यावर दगडाच्या भिंती घालून सपाटी तयार केली, आणि तीवर चुना-मातीशिवाय, नुसता दगडावर दगड आंत सरकवीत, सहा खोपटीं बांधलीं. दुरून पाहणाऱ्याला तीं भाताच्या उडव्यांसारखीं वाटतात. तेराशें वर्षांचा वादळवारा खाऊनही तीं गळत नाहींत. दोन लहान प्रार्थनामंदिरें, एक कबरस्तान आणि पावसाचें पाणी धरून ठेवणारीं टांकीं, एवढाच त्यांचा पसारा. एकेकाळीं तेथें बारा-तेरा साधु राहात असावेत असा जाणत्यांचा अंदाज आहे.

इतक्या दूर जाऊनही संसार सुटला असें झालें नाहीं. इ. स. ८२४ च्या सुमारास उत्तरेकडील दर्यावर्दी चांचे तेथें पोहोंचले आणि मठाधिपति एत्गल याला त्यांनीं पळवून नेलें; तो त्यांच्या कैदेंत उपासमारीनें मेला. मासळी आणि समुद्रपक्ष्यांचीं अंडीं बेटावर मिळत, थोडा भाजीपाला होई; पण भाकरीचें धान्य खडकावर पिकत नाहीं. तें किनाऱ्यावरून होडींतच यावयाचें. शेवटीं बाराव्या-तेराव्या शतकांत हवामान अधिक खवळलें, धर्मसंस्थेची घडीही बदलली, आणि साधूंनीं आपलें बिऱ्हाड किनाऱ्यावरील बॅलिनस्केलिग्ज येथें हलविलें. स्केलिग मायकेलचें वैराग्य कितीही प्रखर असो, त्याची नाळ किनाऱ्याला बांधलेली होती.

आपल्याकडे असें कांहीं आहे काय, असा प्रश्न येथें कोणीही विचारील. आहे, आणि तें पाहण्यासाठीं समुद्रांत जावयालाही नको. मुंबईकर रोज त्या बेटावर राहतो, तेथून आगगाडीनें कचेरींत जातो, आणि आपण बेटावर आहोंत हें त्याच्या गांवींही नसतें. उत्तरेला वसईची खाडी, पूर्वेला ठाण्याची खाडी व उल्हास नदी, पश्चिमेला समुद्र, यांच्यामध्यें वांद्र्यापासून दहिसर-भाईंदरापर्यंत पसरलेलें तें साष्टी बेट. सहासष्ट गांवांची म्हणून साष्टी. गोव्यांतही याच अर्थाची एक साष्टी आहे; इंग्रज जेझुइट पाद्री टॉमस स्टीफन्स यानें मराठी ओव्यांत रचलेलें आणि १६१६ मध्यें छापलेलें ‘क्रिस्तपुराण’ त्या दुसऱ्या साष्टींतलें. नांवसारखेपणामुळें या दोन साष्टींची गल्लत पुष्कळ पुस्तकांतून झालेली आढळते, म्हणून एवढा खुलासा.

मुंबईच्या साष्टीच्या मध्यभागीं, बोरिवलीच्या रानांत, कान्हेरीचीं लेणीं आहेत. शिलालेखांत या डोंगराला ‘कण्हसेल’, म्हणजे कृष्णशैल, काळा डोंगर, म्हटलेलें आहे. ख्रिस्तपूर्व पहिल्या शतकापासून पुढें सुमारें हजार वर्षें बौद्ध भिक्षु तेथें राहात होते. शंभरांहून अधिक लेणीं आहेत, पण तिसऱ्या क्रमांकाचें मोठें चैत्यगृह, त्याच्या पडवींतील त्या दोन प्रचंड उभ्या बुद्धमूर्ति, आणि अकराव्या क्रमांकाचा, ज्याला लोक दरबार म्हणतात तो दालनखंड, एवढें पाहून लोक परत फिरतात. खरें पाहावयाचें तें त्या लहान लेण्यांतून. चार पायऱ्या, ओटा, पडवी, आंत एक खोली, निजावयाला दगडाचा बांक, आणि दाराशेजारीं खडकांत खोदलेलें पाण्याचें टांकें. जवळजवळ प्रत्येक बिऱ्हाडाला आपलें टांकें. डोंगराच्या माथ्यावरून उथळ पन्हळी खोदून पावसाचें पाणी या टांक्यांत आणलेलें आहे. चार महिन्यांच्या पावसावर आठ महिने काढावयाचे, ही विद्या त्या भिक्षूंना पक्की अवगत होती. मे महिन्यांतही यांतील कांहीं टांक्यांत पाणी असतें.

हीं टांकीं कोणी खोदविलीं? भिक्षूंजवळ तर भिक्षापात्र आणि चीवर याखेरीज कांहीं असावयाचें नाहीं. याचें उत्तर भिंतींवरच ब्राह्मी अक्षरांत लिहिलेलें आहे. कल्याणचा व्यापारी, सोपाऱ्याचा गृहस्थ, चेमूल म्हणजे चौलचा कोणी, नाशिकचा कोणी; कोणाची बायको, कोणाची आई; कांहीं ठिकाणीं भिक्षुणीही. ‘लेण’ आणि ‘पोढी’ असे शब्द पुन्हा पुन्हा येतात. पोढी म्हणजे पाण्याचें टांकें. पुष्कळ लेखांत ‘अक्षयनीवि’ हा शब्द आहे. दात्यानें शेत किंवा रक्कम कायमची लावून द्यावयाची, मुद्दलाला कोणी हात लावावयाचा नाहीं, आणि उत्पन्नांतून लेण्यांत वर्षावास करणाऱ्या भिक्षूला वस्त्र व थोडें रोख द्यावयाचें. आजची बँकेंतील ठेव याहून निराळी नाहीं. भिक्षूंनीं बेटावरचें रान निवडलें हें खरें. पण तें कल्याण आणि सोपारा या दोन भरभराटीच्या बंदरांच्या मधोमध निवडलें, हेंही तितकेंच खरें. रानाचा एकांत आणि बाजाराची जवळीक, हीं दोन्ही त्यांना हवीं होतीं.

ही पोशिंद्यांची मालिका फार लांब चालली. नवव्या शतकांत, राष्ट्रकूट अमोघवर्षाच्या सत्तेखालीं शिलाहार कोंकणावर राज्य करीत असतां, थेट गौड देशाहून, म्हणजे बंगालकडून, आलेल्या एका उपासकानें येथील भिक्षूंसाठीं शंभर द्रम्म ठेव म्हणून दिले. १००९ आणि १०२१ या सालीं कांहीं पारशी मंडळी डोंगरावर आलीं व आपलीं नांवें पहलवी लिपींत खोदून गेलीं. प्रवासांत भिंतीवर नांव लिहिण्याची खोड किती जुनी आहे पाहा. मात्र या मंडळींच्या खोडीनें इतिहासाची मोठी सोय केली. त्यानंतर दाते आटले. राजे आणि व्यापारी दुसऱ्या देवळांकडे वळले, आणि कान्हेरीच्या ओट्यांवर हळूहळू रान चढलें.

ख्रिस्ती धर्म या किनाऱ्याला पोर्तुगीजांनीं प्रथम आणला, अशी सर्वसाधारण समजूत आहे. ती खरी नव्हे. सहाव्या शतकांत अलेक्झांड्रियाचा कॉस्मस नांवाचा व्यापारी हिंदुस्थानच्या समुद्राविषयीं लिहून गेला. त्यानें ‘कल्लियान’ येथें इराणांत दीक्षा घेतलेला बिशप असल्याचें नमूद केलें आहे, आणि हें कल्लियान म्हणजे साष्टीच्या समोरचें कल्याण, असें अनेक पंडितांचें मत आहे. म्हणजे स्केलिगच्या खडकावर पहिली पायरी रचली जात होती त्या सुमाराला येथील खाडींतही ख्रिस्ती प्रार्थनेचे स्वर उमटत होते. पुढें १३२१ सालीं चीनकडे निघालेले चार फ्रान्सिस्कन साधु साष्टीवरील ठाणें बंदरांत उतरले. धर्मावरून वाद माजला आणि स्थानिक मुसलमान अंमलदारांनीं त्यांना ठार केलें. त्यांच्याबरोबरचा डोमिनिकन साधु जोर्दानुस त्या वेळीं बाहेर गेलेला होता, म्हणून वांचला. त्यानें प्रेतें सोपाऱ्याला नेऊन पुरलीं. पाठोपाठ आलेल्या ओडोरिक नांवाच्या दुसऱ्या प्रवासी साधूनें त्यांच्या अस्थि उचलून चीनपर्यंत नेल्या. मठ बांधण्याइतकी उसंत या पहिल्या पाहुण्यांना मिळाली नाहीं. त्यांच्या पाठीशीं किनाऱ्यावर कोणी नव्हतें.

१५३४ मध्यें हें चित्र पालटलें. गुजराथच्या सुलतान बहादुरशहानें तहानें वसई व तिच्याबरोबर साष्टी पोर्तुगीजांना दिली. आतां फ्रान्सिस्कन साधु आले ते राजाचा हुकूम पाठीशीं घेऊन. त्यांत आंतोनियो दो पोर्तो हा प्रमुख. हा मनुष्य अंगावर जाडेंभरडें वस्त्र घालणारा, अनवाणी हिंडणारा, खऱ्या अर्थानें निष्कांचन होता; आणि देवळें पाडण्यांत तो तितकाच उत्साही होता, असें त्याच्याच पंथाच्या लोकांनीं अभिमानानें लिहून ठेवलें आहे. या दोन गोष्टी एका माणसांत नांदूं शकतात, हें मान्य करावयाला मन कचरतें, पण इतिहासाला इलाज नाहीं. कान्हेरीला त्या वेळीं कांहीं जोगी राहात होते. त्यांची जागा या साधूंनीं घेतली, आणि मोठें चैत्यगृह सेंट मायकेलचें चर्च म्हणून पवित्र करण्यांत आलें, असें पोर्तुगीज वृत्तांतांत आहे. आयर्लंडच्या त्या सुळक्याला ज्या देवदूताचें नांव मिळालें, त्याचेंच नांव बुद्धाच्या स्तूपासमोर घेतलें जाऊं लागलें. उंच कड्यांवरचीं देवस्थानें मायकेलला वाहावयाचीं, ही ख्रिस्ती लोकांची जुनी चाल आहे. तिच्यामुळेंच हा योग जमला असावा.

परंतु कान्हेरीचें ख्रिस्ती पर्व अल्प ठरलें. खरा मठ उभा राहिला तो तेथून पश्चिमेस, दहिसर नदीच्या बाजूला, मंडपेश्वरच्या लेण्यांत. हें लेणें शैव. सहाव्या ते आठव्या शतकांच्या दरम्यान कोरलेलें. खांबांचा मंडप, आंत गाभारा, आणि डाव्या अंगाच्या खोलींत तांडव करणारा शिव. आंतोनियो दो पोर्तोनें हें लेणें सोळाव्या शतकाच्या मध्यावर ताब्यांत घेतलें. मंडपाचें चर्च झालें. मूर्तींवर दगड-चुना चढला. बाहेरच्या बाजूला खडकांतील जुनें शिल्प तासून तेथें मोठा क्रूस कोरला गेला. लेण्याच्या माथ्यावर मठाची आणि विद्यालयाची भव्य इमारत उठली. नव्यानें ख्रिस्ती झालेल्यांचीं मुलें तेथें शिकावयाचीं. मंडपेश्वर हें नांव पोर्तुगीज जिभेवर ‘मोंत पेझिर’ झालें. ‘मोंत’ म्हणजे डोंगर, हें त्यांना सोयीचेंच पडलें. इंग्रजांनीं त्याचें माउंट पॉइन्सर केलें. आणि आतां तो डोंगर मुळांतलाच ख्रिस्ती नांवाचा आहे असें पुष्कळांना वाटतें.

या सर्व उलथापालथींत एक कलम असें आहे कीं त्याच्याकडे सहसा कोणाचें लक्ष जात नाहीं, आणि सर्वांत महत्त्वाचें तेंच आहे. पोर्तुगालचा राजा तिसरा जॉन याच्या आज्ञेनें, लेण्यांतील देवाकडे पूर्वापार लागलेलें जमिनीचें उत्पन्न नव्या मठाकडे वर्ग करण्यांत आलें. देव बदलला, पुजारी बदलले, मंत्रांची भाषा बदलली. शेत तेंच राहिलें, आणि तें नांगरणारा कुणबीही तोच राहिला. पूर्वी त्याच्या भाताचा वांटा शिवाच्या दिवाबत्तीला जाई, तो आतां लॅटिन प्रार्थना म्हणणाऱ्या साधूंच्या ताटांत जाऊं लागला. त्याला कोणी विचारलें नाहीं. कान्हेरीच्या दात्यांचीं नांवें आपण दोन हजार वर्षांनंतर वाचूं शकतों; मंडपेश्वरच्या या पोशिंद्यांचें एकही नांव दगडावर नाहीं. दोन मठांतील खरा भेद येथें आहे. एकाला लोकांनीं आपखुशीनें पोसलें. दुसऱ्याला पोसण्याचा हुकूम वरून आला.

तरीही त्या दोनशें वर्षांवर नुसता काळा बोळा फिरवून चालणार नाहीं. साष्टीच्या ज्या कोळी, कुणबी, भंडारी घरांनीं त्या काळांत ख्रिस्ती धर्म घेतला, त्यांतील पुष्कळांचा प्रारंभ भयांत किंवा लोभांत असेल; पण त्यांच्या नातवंडा-पणतवंडांची श्रद्धा खोटी कशी म्हणावी? त्यांची बोली मराठीच राहिली, लग्नांतलीं गाणीं मराठींत राहिलीं, हळदीचा समारंभ राहिला. आज ईस्ट इंडियन या नांवानें ओळखला जाणारा हा समाज वसई-साष्टींत आहेच.

फ्रान्सिस्कनांचा पोशिंदा गेला तो १७३९ मध्यें. चिमाजी आप्पांनीं मे महिन्यांत वसईचा किल्ला घेतला. साष्टी त्यापूर्वीच, ठाणें पडल्यापासून, मराठ्यांच्या हातीं येत चालली होती. मंडपेश्वरचे साधु निघून गेले. जो हुकूम त्यांना शेतसारा मिळवून देत होता त्याचा धनी नाहींसा होतांच मठाच्या छपराचे वांसे कोसळावयाला वेळ लागला नाहीं. एकवीस वर्षांनीं, १७६० सालीं, आंकतिल द्युपेरों हा फ्रेंच पंडित पारशांच्या धर्मग्रंथांचा अभ्यास आटोपून परतीच्या वाटेवर असतां साष्टींतील हीं लेणीं पाहून गेला आणि आपल्या ग्रंथांत त्यांचें बारकाईनें वर्णन करून गेला. १७७४ च्या डिसेंबरांत इंग्रजांनीं ठाणें घेतलें आणि साष्टीचा धनी पुन्हा बदलला. लेण्यांतील वहिवाटही पुढें कधीं या बाजूला, कधीं त्या बाजूला, अशी हेलकावत राहिली. एकोणिसाव्या शतकांत कांहीं काळ तेथें पुन्हा ख्रिस्ती उपासना होऊं लागली होती, आणि विसाव्या शतकांत शिवपूजा परत आली.

आज मंडपेश्वर सरकारच्या पुराणवस्तु खात्याच्या रक्षणाखालीं आहे. महाशिवरात्रीला तेथें गर्दी लोटते. माथ्यावर मठाच्या उघड्या भिंती उभ्या आहेत. छप्पर नाहीं, खिडक्यांच्या चौकटींतून आभाळ दिसतें. शेजारच्या परिसरांत चर्च आहे, ख्रिस्ती दफनभूमि आहे. भोंवतालीं बहुमजली इमारतींनीं कडें केलेलें असल्यामुळें एकांत तेवढा कोठें उरला नाहीं. चुना पुष्कळसा निघून गेला आहे. तांडव करणारा शिव भग्न अवयवांनिशीं पुन्हा प्रकाशांत आला आहे, आणि बाहेरच्या खडकावरचा क्रूसही जागच्या जागीं आहे. एकाकडून दुसऱ्याकडे जावयाला पन्नास पावलेंही लागत नाहींत.

रेवतीद्वीपाचें पुढें काय झालें, हें सांगावयाचें राहिलें. यशवंतगड १७४६ मध्यें पोर्तुगीजांनीं सावंतांकडून घेतला. पुढें तो सावंतांकडे परत आला, आणि १८१९ मध्यें इंग्रजांच्या ताब्यांत गेला. आतां त्याचा धनी म्हणजे वड आणि पिंपळ. राजाचें बेट असें संपलें. परंतु १९७६ सालीं रेडीच्या लोखंडाच्या खाणींत काम चालू असतां मातीखालून जांभ्या दगडांत कोरलेली दोन हातांची गणपतीची भव्य मूर्ति निघाली. गांवकऱ्यांनीं खाण तेथल्यापुरती थांबविली, वर्गणी गोळा केली, आणि मूर्ति जेथें सांपडली तेथेंच देऊळ बांधलें. कांहीं आठवड्यांनीं जवळच्याच मातींतून गणपतीचा उंदीरही निघाला. तोही त्याच देवळांत आहे.